तारांगण चालतं कसं आणि कोणाच्या पैशानं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शून्य सावलीच्या दिवसाबद्दल लिहिलं होतं, म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या गोव्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते ते. त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की लोकांनी मिळून चालवलेलं, नफा न कमावणारं तारांगण आपल्याकडे गावागावात का असू नये. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की हा सगळा अंक त्यालाच देतेय.

ताई, आम्ही फोंड्याकडचे नऊ जण, बहुतेक शिक्षक. दुर्बीण आहे, जागा एका देवस्थानानं देऊ केलीय. छोटा डोम उभारला आणि ५० रुपये तिकीट ठेवलं तर खर्च निघेल का? (एक शिक्षक, फोंडा)

सर, स्पष्टच सांगते, नाही निघणार. कागदावर मांडूनच बघा. समजा ४० माणसं बसतात, दिवसाला २ शो, वर्षाला २५० दिवस, आणि प्रत्येक शो हाउसफुल (जे कधीच होत नाही), तरी १० लाख होतात. निम्म्या खुर्च्या भरल्या तर ५. त्यात दोन माणसांचा पगार, वीज, प्रोजेक्टरची देखभाल, आणि आपल्या हवेत एसी बंद ठेवला की लेन्सला बुरशी धरते त्यामुळे तो चालूच ठेवायचा, म्हणजे बघा.

जगात बघा, नुसत्या तिकिटावर तारांगण सहसा उभं राहत नाही, कोणीतरी पहिला मोठा पैसा घातलेला असतो. शिकागोचं अ‍ॅडलर तारांगण १९३० साली उघडलं, अमेरिकेतलं पहिलं, ते मॅक्स अ‍ॅडलर नावाच्या निवृत्त उद्योजकाच्या देणगीतून, आणि आजही ती ना-नफा संस्थाच आहे, तिकीट, सभासद वर्गणी, देणग्या, सरकारी मदत असं सगळं मिळून चालते. कोलकात्याचं बिर्ला तारांगण ट्रस्टच्या पैशातून झालं. बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू तारांगण १९८९ मध्ये सुरू झालं आणि नंतर ते चालवायला विज्ञान शिक्षणाची वेगळी संस्थाच केली, म्हणून तिथे शोच्या पलीकडे मुलांचे वर्ग, कार्यशाळा असं कायम काहीतरी चालू असतं.

मला स्वतःला लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेची पद्धत सगळ्यात पटते. ती १९३५ ची, इमारत शहराची, आत यायला, दुर्बिणीतून बघायला पैसे नाहीत, फक्त डोममधल्या शोला तिकीट. वेधशाळेच्या जोडीला लोकांची एक वेगळी ना-नफा संस्था आहे ती देणग्या गोळा करते आणि पाचवीच्या शाळकरी मुलांच्या भेटीचा खर्च उचलते. म्हणजे दार सगळ्यांना उघडं आणि पैसे एका खोलीपुरते. तुम्ही पण असंच करा. अंगणातली दुर्बीण फुकट, डोमला तिकीट, आणि सरकारी शाळेच्या मुलांचं तिकीट आधीच कोणीतरी भरलेलं. "५००० रुपयांत एका वर्गाला तारे दाखवा" असं सांगितलं की माणूस देतो हो, "तारांगणाला मदत करा" म्हटलं की नुसती मान हलवतो.

आणखी एक, डोम घाईनं बांधू नका. फुगवायचा डोम आणि एक प्रोजेक्टर घेऊन दोन-तीन वर्षं शाळाशाळांत फिरा. यामागे कारण आहे. कंपन्यांचा सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के समाजासाठी खर्च करायचा तो पैसा, तो मिळवायला संस्थेचं साधारण ३ वर्षांचं काम दाखवावं लागतं, शिवाय प्राप्तिकर खात्याकडची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला करसवलत) ही दोन्ही नोंदणी लागते. म्हणजे आज संस्था नोंदवलीत आणि उद्यापासून फिरायला लागलात तर तीन वर्षांनी कंपनीच्या दारात जायला तुमच्याकडे वह्या, फोटो, शाळांची पत्रं असतील. आणि देणगी रोख घेत असाल तर देणाऱ्याला आधीच सांगा, २००० च्या वर रोख दिली तर ८०जी ची सवलत मिळत नाही, आणि नवीन करपद्धत घेतली असेल तरी मिळत नाही. नंतर कळलं की माणसं नाराज होतात आणि पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत, हे आमच्या गटानं अनुभवलंय.

माझा भाऊ इंग्लंडात आहे, पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेला. गावातल्या अशा कामाला त्याला पैसे पाठवायचे आहेत. सरळ संस्थेच्या खात्यात घालू दे का? (एक बहीण, म्हापसा)

नको बाय, थांबव त्याला. हा प्रश्न गोव्यात घराघरातला आहे आणि चांगल्या मनानं दिलेल्या पैशात संस्था अडकते. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून आपल्या कमाईतले पैसे नेहमीच्या बँकेतून पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण पासपोर्ट पोर्तुगीज झाला की तो कायद्यानं विदेशी नागरिक, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असो, घर इथे असो, तरी ती विदेशी देणगीच, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. ती नोंदणी सुद्धा नव्या संस्थेला लगेच मिळत नाही, ३ वर्षं काम आणि त्या काळात १५ लाख खर्च केल्याचं दाखवावं लागतं. तोपर्यंत भावाला सांग, दिवाळीला येशील तेव्हा एक संध्याकाळ मुलांबरोबर दुर्बिणीपाशी उभा राहा. खरंच सांगते, त्याचीही गरज असतेच.

आम्ही मुंबईला वरळीचं नेहरू तारांगण बघितलं, खूप आवडलं, पण एकदा बघितलं की परत कोण जातं? गावच्या लहानशा डोममध्ये लोक पुन्हा पुन्हा का येतील? (एक आई, डिचोली)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण इथेच सगळं अडतं.

लोक फिल्म बघायला परत येत नाहीत, माणसाला ऐकायला येतात. जर्मनीत झाइस कंपनीनं १९२३ मध्ये पहिलं ताऱ्यांचं प्रोजेक्टर बनवलं तेव्हा त्यातून साधारण ४५०० तारे डोमवर पडायचे, आणि तेव्हा ध्वनिमुद्रित शो वगैरे काही नव्हतं, कोणीतरी अंधारात उभा राहून बोलायचा. आता डिजिटल प्रोजेक्टर आले, फिल्म विकत घेता येतात, युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी या वेधशाळेनं तर डोमच्या फिल्म फुकट ठेवल्यात, तरीसुद्धा अर्धा शो जिवंत माणसानं बोलायला हवा असं माझं ठाम मत आहे. आज रात्री तुमच्या अंगणातून काय दिसेल ते फिल्म सांगू शकत नाही. महिन्या महिन्याला आकाश बदलतं म्हणजे शो आपोआप नवा होतो, आणि बोलणारा माणूस मराठीत, कोकणीत, मुलानं मध्येच विचारलं तर थांबून सांगतो. माझ्या हातात पैसे असते तर पहिला पगार त्या माणसाचा ठेवला असता, प्रोजेक्टर दुसऱ्या नंबरवर.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे ती म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर आकाश दिसतच नाही, पणजीत जुंता हाउसच्या गच्चीवर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमीच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवलं तेही पाऊस सोडूनच. तेव्हा डोमचा खरा सीझन पावसाळा! शाळा सुरू झालेल्या, बाहेर कुठे जाता येत नाही, आणि आत कोरडं आणि तारे. आणि दिवाळीनंतर उलटं करायचं, डोम बंद ठेवला तरी चालेल, दुर्बीण घेऊन जत्रेला जायचं. जत्रेत खाजेवाल्याच्या बाजूला दुर्बीण लावा आणि शनीची कडी दाखवा, जो माणूस जन्मात तारांगणाचं तिकीट काढणार नाही तोही रांगेत उभा राहतो, पोरं आजीला ओढत आणतात. शिकागोच्या अ‍ॅडलर तारांगणाचे लोकसुद्धा दुर्बिणी घेऊन वस्त्यांमध्ये जातात, माणसांनी इमारतीत यायची वाट बघत बसत नाहीत.

तुमच्या पत्रात शेवटी लिहिलंय की धाकट्याला अंधाराची आणि मोठ्या आवाजाची भीती वाटते. त्याच्यासाठी महिन्यातून एक शो असा ठेवता येतो की पूर्ण काळोख करायचा नाही, आवाज कमी, दार उघडं, मध्येच उठून गेलं तरी कोणी काही बोलणार नाही. परदेशात बऱ्याच तारांगणांत हे नेहमीचं झालंय. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या गोलावर उंचवटे करून नक्षत्रं बोटांनी वाचायची सोय करता येते, आपला गावचा सुतारसुद्धा ती करू शकेल.

ताऱ्याला बायकोचं नाव देऊन सर्टिफिकेट मिळतं म्हणे. तारांगणानं असं विकून पैसे उभे करायला काय हरकत आहे? (वास्को)

हरकत आहे. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो ती विकत नाही, असल्या सर्टिफिकेटला काहीही किंमत नाही. जी संस्था मुलांना खरं सांगायला उभी राहिलीय तिनं हे विकू नये. त्यापेक्षा डोममधल्या खुर्चीवर बायकोचं नाव लावा, तिथे रोज कोणीतरी मूल बसेल.

मी बारावीत आहे, सत्तरीत राहतो. मला तारांगणात काम करायचं आहे पण आमच्या इथे काहीच नाही. कुठून सुरू करू?

तुझ्याकडे काळोख आहे रे, तो पणजीवाल्यांकडे नाही! फोनवर किंवा कॉम्प्युटरवर स्टेलारियम घे, कॉम्प्युटरवरचं तर फुकटच आहे, आणि रोज रात्री दहा मिनिटं बाहेर उभा राहा. हात लांब करून मूठ धर, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. आपल्या इथून ध्रुवतारा उत्तरेला दीड मूठ वर असतो, कारण आपण १५ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहोत. आणि मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला बरोबर उलट्या बाजूला, दक्षिणेला बघ, तिथे त्रिशंकू म्हणजे क्रॉससारखे दिसणारे चार तारे, तो उभा असतो, तोही साधारण दीड मूठ वर. डोंगर आड येत असेल तर जरा मोकळ्यावर जा. ते दिसलं की शेजारच्या चार पोरांना बोलावून दाखव, त्यांना काय समजलं नाही ते वहीत लिही, आणि ती वही मला पाठव.