शेपटी इतकी मऊ, मग मासा सुळकन पळतो कसा?

प्रश्न : सर नमस्कार. मी मानेवाड्याची. मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरामागच्या सिमेंटच्या टाकीत डास होऊ नये म्हणून गप्पी मासे सोडले होते, आता ते भरमसाठ झाले. माझा मुलगा सातवीत आहे, शाळेतून आला की दप्तर फेकून टाकीवरच वाकून बसलेला असते. परवा मला विचारते, आई, याची शेपटी तर पतंगाच्या कागदासारखी मऊ आहे, मग हा एवढा जोरात कसा काय पळून राहिला? बोटीचं वल्हं तर लाकडाचं असते, कडक. मऊ वस्तूनं पाणी ढकलता येते का? मला काही सांगता आलं नाही, म्हटलं विचारून सांगते.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, मुलाला आधी शाबासकी द्या, कारण त्यानं वल्ह्याची जी तुलना केली ना त्यातच अर्धं उत्तर आहे. नावाडी काय करतो, वल्हं पाण्यात घालतो, सरळ मागे ओढतो, मग बाहेर काढून हवेतून पुढे नेतो आणि परत घालतो. पाणी मागे, नाव पुढे, म्हणून वल्हं कडक पाहिजे. माशाची शेपटी मात्र कायम पाण्यातच असते, वर काढायची सोयच नाही, आणि ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे एवढीच हलते. आता बाजूला हलणाऱ्या वस्तूनं पाणी मागे ढकलायचं म्हणजे कसं, तर तिथे मऊपणा कामाला येतो.

घरीच करून पाहा. एक मोठा टब भरा, परीक्षेला नेतात ते प्लास्टिकचं कडक पॅड घ्या आणि त्याची एक उभी कड धरून मनगट अजिबात न वळवता पाण्यात डावी-उजवी हलवा. पाणी नुसतं बाजूला उसळतं, हात दुखतो, पुढे जायचा जोर काही मिळत नाही. मग फाईलचं प्लास्टिकचं कव्हर तसंच हलवा. हात उजवीकडे गेला तरी कव्हरची मागची कड थोडी डावीकडेच मागे राहते, म्हणजे आख्खं कव्हर तिरपं होतं, आणि तिरपं झालेलं कव्हर पाण्याला बाजूलाही ढकलतं आणि मागेही. पाणी मागे गेलं की न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं हाताला पुढे ओढ बसते, नीट लक्ष दिलं तर ती जाणवते. हात डावीकडे वळला की कव्हर आपोआप उलट्या बाजूला तिरपं होतं आणि ओढ परत पुढेच. म्हणजे दोन्ही फटके कामाचे! वल्ह्याचा परतीचा हात रिकामा जातो, शेपटीचा एकही फटका रिकामा जात नाही. मला स्वतःला ही गोष्ट फार म्हणजे फारच आवडते.

पण मऊ म्हणजे किती मऊ? तिसऱ्यांदा टबात ओला पंचा हलवून बघा, तो नुसता लोळतो, पाणी ढकलतच नाही. मधलं माप लागतं, आणि ते माप माशाच्या शेपटीत कसं बसवलंय ते पाहायचं असेल तर पुढच्या वेळी बाजारातून रोहू आणाल तेव्हा शेपटी कापून फेकायच्या आधी उजेडासमोर धरा. पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक काड्या दिसतील, मुळाशी जाड आणि पुढे कडेला जाताना फाटे फुटून केसासारख्या. त्यामुळे शेपटी मुळाशी कडक आणि कडेला मऊ असते.

आणि ती प्रत्येक काडी एकसंध नसते, दोन अर्ध्या काड्या एकमेकींना चिकटून असतात, टोकाशी जोडलेल्या, मुळाशी सुट्या. मुळाशी स्नायूनं एक अर्धी जराशी ओढली की अख्खी काडी वाकते. जुन्या लग्नपत्रिकेच्या दोन लांब पट्ट्या कापा, एका टोकाला चिकटवा, मध्ये दोन-तीन ठिकाणी सैल दोरा बांधा आणि दुसऱ्या टोकाला एक पट्टी दुसरीवर सरकवा, लगेच कमान होईल. म्हणजे शेपटी पाण्याच्या दाबानं वाकते ते एक आणि मासा स्वतः पाहिजे तशी वाकवतो ते वेगळं. गरज पडली तर तो तिला पाण्याच्या उलट्या बाजूलाही वाकवू शकतो, आपण ओंजळ करतो तशी. फाईलच्या कव्हरला हे जमणार नाही.

आता पाण्यात मागे काय उरतं ते. शेपटी एका बाजूला जाऊन वळली की एक भोवरा सुटतो, दुसऱ्या बाजूला वळली की दुसरा, उलट फिरणारा. या दोन रांगांच्या मधून पाण्याची धार मागे पळते, आणि तीच माशाला पुढे ढकलते. 1958 साली केंब्रिजच्या बेनब्रिज नावाच्या शास्त्रज्ञानं गोल्डफिश, ट्राउट आणि डेस या माशांना फिरत्या चाकातल्या पाण्यात पोहवून मोजमाप केलं होतं. शेपटीचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा झोका साधारण अंगाच्या लांबीच्या पाचव्या भागाएवढा, आणि शेपटी एकदा जाऊन परत येईपर्यंत मासा लांबीच्या 0.6 ते 0.7 पट पुढे जातो. समजा 30 सेंटिमीटरचा मासा आहे, तर झोका 6 सेंटिमीटर आणि पुढची चाल जवळपास 20 सेंटिमीटर. 6 भागिले 20 म्हणजे 0.3. या आकड्याला स्ट्राउहाल संख्या म्हणतात, आणि मासेच काय, उडणारे पक्षी आणि वटवाघळंसुद्धा बहुतेक वेळा 0.2 ते 0.4 च्या आतच सापडतात. त्या पट्ट्यात मेहनत सगळ्यात कमी वाया जाते.

मऊपणाचा माझा सगळ्यात लाडका पुरावा 2006 चा आहे. अमेरिकेत संशोधकांनी वाहत्या पाण्यात एक अडथळा ठेवला आणि त्याच्यामागे मेलेला ट्राउट मासा सोडला. अडथळ्यामागे जे भोवरे सुटत होते त्यांच्यामुळे त्या मेलेल्या माशाचं लवचिक अंग डुलायला लागलं आणि तो चक्क प्रवाहाच्या उलट पुढे सरकला! स्नायूंचा काहीच जोर नाही, फक्त अंगाची लवचिकता आणि भोवऱ्यांची ताकद. जिवंत ट्राउट अशा जागी कमी स्नायू वापरून निवांत टिकून राहतो हे त्याआधी 2003 मध्येच दिसलं होतं. कन्हान नदीच्या पाण्यात मोठ्या दगडामागे मासे उभे दिसतात ना, तिथे हे आठवा.

बरं, सगळ्या शेपट्या सारख्या नसतात. टूना दिवस-दिवस समुद्र कापत जातो म्हणून त्याची चंद्रकोरीसारखी आणि बरीच ताठ, रोहू-कतल्याची दुभंगलेली, आपल्या मरळीची गोल, दबा धरून एकदम झेप घ्यायला चांगली. आणि एकच शेपटी सगळ्या वेगांना चालत नाही, जोरात जायचं तर जास्त ताठपणा लागतो. 2021 मध्ये वर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी असा यांत्रिक मासा केला की ज्याच्या शेपटीचा ताठपणा पोहता पोहता कमी-जास्त करता येतो, आणि तो एकाच ताठपणाच्या माशापेक्षा कितीतरी कमी शक्तीत पोहला.

आता तुमच्या टाकीकडे. मुलाला सांगा, दुपारी ऊन सरळ पडलं की मोबाईल टाकीवर स्थिर धरून स्लो मोशनमध्ये वरून शूट कर. मादी मोठी आणि फिकट, नर छोटा, रंगीत शेपटीचा. शौकिनांनी वाढवलेल्या लांब शेपटीचे नर असतील तर तेवढे चपळ नसतात, एवढा पडदा ओढत न्यायचा म्हणजे ओझंच की ते. मग टाकीवर हाताची सावली पाड. मासा आधी इंग्रजी सी अक्षरासारखा वाकेल आणि मग सुटेल, डोळ्याला दिसणार नाही पण व्हिडिओत दिसेल, आणि त्यात शेपटीची कड अंगाच्या मागे कशी राहते तेही. काय दिसलं ते मात्र त्यालाच लिहून पाठवायला सांगा, मी वाट पाहतो.