कार्बन ‘बुडतो’ की ‘खाली बसतो’?

विज्ञानविषयक लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘खनिजे समुद्राच्या पृष्ठभागावरील कार्बन बुडण्यास मदत करतात’ हे वाक्य मराठीत बरोबर आहे का, आणि या खनिजांना जे ‘बॅलास्ट’ (मूळ अर्थ जहाजाच्या तळाशी ठेवलेला भार) म्हटले जाते त्यासाठी मराठीत कोणता शब्द वापरावा. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात दोष नाही. तरीही ‘बुडणे’ आणि ‘मदत करणे’ ही दोन्ही क्रियापदे मला येथे खटकतात.

माणूस बुडतो, होडी बुडते, सूर्य बुडतो, आजारपणात शाळा बुडते, उसने दिलेले पैसे बुडतात. जे वर असायचे किंवा आपल्या हाती असायचे ते गेले, असा भाव या सर्व प्रयोगांत आहे. पाण्यात विखुरलेल्या बारीक कणांविषयी आपण असे बोलत नाही. पावसाळ्यातले गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवले तर त्यातली माती बुडत नाही, ती खाली बसते. तळाशी साका जमतो आणि वरचे पाणी निवळते. समुद्रातल्या कार्बनाचे वर्णन करायला हीच घरगुती शब्दसंपत्ती सर्वांत जवळची आहे, कारण घडते ते बरेचसे तसेच आहे.

समुद्राच्या वरच्या, उजेड पोहोचणाऱ्या थरातील सूक्ष्म वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने दरवर्षी अंदाजे ५० अब्ज टन कार्बन आपल्या देहात बांधतात. त्यातला बहुतांश तेथल्या तेथेच खाल्ला जातो, कुजतो आणि पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात मिसळतो. लहानसा हिस्साच मृत पेशी, विष्ठा आणि चिकट स्राव यांच्या पुंजक्यांच्या रूपाने खाली जाऊ लागतो. अडचण अशी की, सेंद्रिय पदार्थ समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचितच जड असतो. समुद्राच्या पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०३ ग्रॅम आहे, सेंद्रिय पदार्थाची त्याहून थोडीशीच अधिक. याउलट कॅल्साइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची, घनता २.७ आहे, चिकणमातीतील खनिजांची साधारण तेवढीच, तर डायाटम या सूक्ष्म शैवालाच्या सिलिकायुक्त कवचांची २ च्या आसपास आहे. असे खनिज पुंजक्यात अडकले की पुंजक्याचा वेग वाढतो, आणि येथे वेगालाच महत्त्व आहे. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर धरली, तर दिवसाला १०० मीटर उतरणारा पुंजका पाच-साडेपाच आठवड्यांत तळ गाठेल. दहा मीटरच उतरणाऱ्याला वर्ष लागेल आणि तेवढ्या काळात जीवाणू त्याचा फडशा पाडतील.

तुरटी फिरवण्याचा दाखला येथे सहज सुचतो, पण तो अर्धाच लागू पडतो. तुरटीमुळे मातीचे सुटे कण एकमेकांना धरून मोठे होतात, म्हणून लवकर बसतात. समुद्रात कण एकत्र धरण्याचे काम मुख्यतः सजीवांचे चिकट स्राव करतात. खनिजे वजन पुरवतात. शाळेत ‘चुन्याच्या निवळी’त नळीने फुंकल्यावर जो दुधाळपणा येतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. कोकोलिथोफोर आणि फोरॅमिनिफेरा हे सूक्ष्मजीव याच द्रव्याची कवचे बांधतात. एक फरक मात्र अनुवादकाने ध्यानात ठेवावा: निवळीत कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, तर समुद्रात ही कवचे घडताना थोडा कार्बन डायऑक्साइड उलट पाण्यात सुटतो. त्यामुळे कवच म्हणजेच साठवलेला कार्बन आणि तेवढाच निव्वळ लाभ, असे लिहिणे चुकीचे ठरेल. येथे कवचाचे महत्त्व त्याच्या वजनामुळे आहे.

आता ‘बॅलास्ट’. रेल्वेच्या रुळांखालच्या बॅलास्टला आपण खडी म्हणतो. तो शब्द येथे चालणार नाही. जहाजाच्या तळाशी ठेवल्या जाणाऱ्या भारासाठी हिंदी कोशांत ‘नीरम’ असा छान शब्द नोंदलेला आहे. मला तो फार आवडतो, पण येथे मी तो वापरणार नाही. जहाजातला भार जहाजाने कलंडू नये, स्थिर राहावे यासाठी असतो. पुंजक्यातले खनिज त्याला खाली नेते. मूळ रूपकच थोडे तिरपे बसलेले आहे आणि ते तसेच उचलण्याचे बंधन मराठीवर नाही. ‘खनिजभार’ हा साधा समास पुरेसा आहे आणि पहिल्या वाचनात कळतो.

‘मदत करतात’ याविषयीची माझी शंका अधिक गंभीर आहे. २००२ साली क्लास आणि आर्चर या शास्त्रज्ञांनी जगभरच्या मोजमापांचा मेळ घालून दाखवले की, १,००० मीटरखाली पोहोचणारा सुमारे ८० टक्के सेंद्रिय कार्बन कॅल्शियम कार्बोनेटच्या संगतीने जातो. त्यावरून खनिजेच कार्बनाला खाली नेतात, असे मत पुढे आले. २००४ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ उटा पासो यांनी उलट प्रश्न केला: चिकट सेंद्रिय पुंजकेच वाटेतली खनिजे गोळा करत जात असतील तर? आकडे तेच राहतात, कर्ता बदलतो. मराठीत हा भेद एका शब्दयोगी अव्ययाने दाखवता येतो. ‘खनिजांमुळे कार्बन खाली जातो’ हे कारण झाले. ‘खनिजांसह कार्बन खाली जातो’ ही केवळ सोबत झाली. लेखातील आधार संगतीपुरता असेल तेथे ‘मुळे’ लिहू नये.

‘मुळे’ वापरण्याला बळ देणारे एक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीतील हॅम्बुर्गच्या शास्त्रज्ञांसह १९८६ पासून अरबी समुद्रात आणि पुढे बंगालच्या उपसागरात खोलवर कण टिपणारे सापळे बसवले. अरबी समुद्रात मान्सूनच्या काळात खाली येणाऱ्या कणांचे प्रमाण वाढते, हे त्यांतून दिसले. बंगालच्या उपसागरात वरच्या थरातील वनस्पतींची वाढ अरबी समुद्राच्या मानाने कमी, तरीही खोल पाण्यात उतरणारा सेंद्रिय कार्बन त्या मानाने कमी भरत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेली बारीक माती पुंजक्यांना जड करते, हे शास्त्रज्ञ वेणुगोपालन इत्तेक्कोट यांनी मांडलेले स्पष्टीकरण मला पटते. येथे ‘मातीमुळे’ असे लिहिण्यास माझी हरकत नाही.

एक सावधगिरी ‘खाली बसणे’ याविषयीही हवी. बसणे म्हणजे तळ गाठणे. निघालेल्या कार्बनापैकी फारच थोडा तळाच्या गाळापर्यंत पोहोचतो. बाकीचा वाटेतच विरघळतो, पण पुरेसा खोल विरघळला तर तेथील पाणी पुन्हा वर येईपर्यंत शतके जाऊ शकतात. म्हणून प्रवासासाठी ‘खाली उतरणे’ आणि गाळात पोहोचलेल्या अंशासाठीच ‘तळाशी बसणे’ वापरावे. या सगळ्या व्यवहाराला मिळून एक शब्द हवा असेल तर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’मधला ‘जिरणे’ सुचवतो, कारण जमिनीत जिरलेले पाणी नाहीसे झालेले नसते, खोल साठलेले असते. मात्र ‘अन्न जिरणे’ हा अर्थही त्याला चिकटलेला आहे, आणि जीवाणूंच्या पोटात जिरलेला कार्बन तर वरच राहतो. त्यामुळे ‘कार्बन खोल समुद्रात जिरतो’ असे स्थळासकट लिहावे. प्रस्तुत वाक्य मी असे लिहीन: ‘खनिजभारामुळे जड झालेले सेंद्रिय पुंजके समुद्राच्या वरच्या थरातील कार्बन अधिक वेगाने खोल पाण्यात उतरवतात.’