जुनी स्प्लेंडर पावसाळाभर उभी होती, आता चोक काढला की बंद पडते. पन्हाळ्याच्या चढालाही गुदमरते, थोडं थांबलं की पुन्हा चालते. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर बदला. बदलू का?

लगेच बदलू नका. चोक हवा अडवतो, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल वाढतं. चोकवर इंजिन नीट चालतंय म्हणजे करंट येतोय, कॉम्प्रेशनही आहे. चोक काढल्यावर पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. पहिला संशय स्लो जेटवर घ्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या त्या बारीक भोकाच्या नळीवर, जिच्यातून कमी वेगात पेट्रोल येतं.

गाडी पावसाळाभर उभी होती, असं तुम्ही लिहिलंय. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ओलाव्याला काय तोटा! पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं. कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून निघेल ते काचेच्या बाटलीत धरा. खाली वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करा, नाहीतर साफसफाई वाया जाईल.

मग स्लो जेट काढून क्लीनरने धुवा आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही गॅरेजात कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. आत तार मात्र घालू देऊ नका. जेट पितळेचा असतो, भोक जरा जरी मोठं झालं तरी गाडी कायम जास्त पेट्रोल खाणार. हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आवळून किती फेरे बसतात ते लिहून ठेवा.

फरक पडला नाही तर कार्बोरेटर इंजिनला जोडतो तिथली रबरी ओ-रिंग बघा. ती कडक झाली की तिथून हवा शिरते आणि लक्षण अगदी हेच दिसतं.

पन्हाळ्याच्या चढाला गाडी गुदमरते आणि थोडं थांबल्यावर पुन्हा चालते, हे दुखणं वेगळं आहे. पुढच्या वेळी तिथेच टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी सुरळीत चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसं नसेल तर टाकीखालच्या पेट्रोल कॉकची (तोटीची) जाळी साफ करा.

2020 साली बीएस 6 हे धुराचे नियम आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं, त्यामुळे कार्बोरेटर खोलून बसायला वेळ देणारे मेकॅनिक कमी होत चाललेत. पण स्वस्तातल्या नकली कार्बोरेटरपेक्षा साफ केलेला मूळचा कधीही चांगला, म्हणून तो जपा.

सगळं झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघा. पांढराफटक असेल तर अजून पेट्रोल कमी पडतंय. विटकरी-तपकिरी असेल तर मेकॅनिकला नव्या कार्बोरेटरसाठी नाही म्हणून सांगा.