मीम मातीसकट उचल

प्रिय,

मीम्सच्या अभ्यासासाठी तू जमवलेल्या दोनशे चित्रांचं फोल्डर पाहिलं. मेहनत दिसते. पण एकही चित्र कुठून आलं, कधी आलं, कशाच्या उत्तरात आलं, याची नोंद नाही. रोप लावायला काढताना मुळांभोवतीची माती राखून काढतात. तू रोपं उपटली आहेस.

स्मायलीचंच बघ. 19 सप्टेंबर 1982 रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी तिथल्या संगणकीय सूचना-फलकावर (संदेश लिहून चर्चा करायच्या जागेवर) सुचवलं की गमतीचा मजकूर असेल तर :-) ही खूण टाकावी. तो संदेश पुढे हरवला आणि 2002 साली जुन्या बॅकअप टेपांवरून शोधून काढला गेला, आजूबाजूच्या संदेशांसह. लिफ्टमध्ये पारा सांडल्याची कुणीतरी केलेली थट्टा काहींना खरी वाटली होती, म्हणून गमतीला खूण हवी अशी चर्चा चालली होती, हे त्या संदेशांत दिसतं. त्याच संदेशात :-( ही खूणही आहे, पण दुःखासाठी नाही. ‘हे गमतीत लिहिलेलं नाही’ हे सांगायला फालमन यांनी ती सुचवली होती. नुसत्या खुणा हाती आल्या असत्या तर आजचा अर्थ आपण बिनदिक्कत 1982 ला चिकटवला असता.

म्हणून ज्या ऑनलाइन समूहातून मीम्स घेणार आहेस, तिथे गोळा करायच्या आधी दोन-तीन आठवडे नुसतं वाच. कोण कुणाला टोमणा मारतं, कुठला शब्द उलट अर्थाने येतो, हे टिपून एक छोटा शब्दकोश कर. तेच चित्र एका गटात कौतुकाचं आणि दुसऱ्यात हेटाळणीचं असतं. हा टप्पा गाळला की वर्गीकरण साफ चुकतं.

मग प्रश्न आवळून घे. एक साचा (म्हणजे मजकूर बदलून पुन्हा पुन्हा वापरलं जाणारं एकच चित्र), एक व्यासपीठ, तीन महिने, दीडशे ते दोनशे नमुने. पहिल्या अभ्यासाला एवढं पुष्कळ होतं. प्रत्येक नमुन्यासाठी तक्त्यात एक ओळ ठेव: क्रमांक, दुवा, पोस्ट झाल्याची तारीख-वेळ, तू जतन केल्याची तारीख, मजकूर जसाच्या तसा टंकून, ती पोस्ट कशाचं उत्तर आहे, आणि तुला कशी सापडली. शेवटचा रकाना सगळे गाळतात आणि तोच नंतर नडतो. शोधून मिळालेली पोस्ट आणि फीडने समोर आणलेली पोस्ट यांत फरक आहे. फीड तुझ्या आवडीनुसार निवडतं, म्हणजे नकळत तू स्वतःचाच अभ्यास करून बसशील. नवं खातं काढ, शक्य असेल तिथे ‘नवीन आधी’ असा क्रम लाव आणि रोज ठरलेल्या वेळी गोळा कर.

स्क्रीनशॉट पीएनजीत घे. जेपीईजी दर वेळी पुन्हा जतन केली की थोडी खराब होते. मात्र प्रती फिरून फिरून मूळ चित्रच धुरकट झालं असेल, तर तो धुरकटपणा पुरावा आहे, साफ करू नकोस. वरच्या-खालच्या प्रतिक्रियाही चौकटीत येऊ देत. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू मात्र नकोस. इमोजीचा कोड तोच राहतो, चित्र कंपनीगणिक बदलतं: अ‍ॅपलने 2016 मध्ये पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी आणली, इतर मोठ्या कंपन्यांनी बहुतांशी 2018 मध्ये. मधल्या काळात पाठवणाऱ्याने पिचकारी पाठवली आणि घेणाऱ्याला पिस्तूल दिसलं, असं होऊ शकत होतं. तक्त्यात कोड आणि उपकरण दोन्ही लिही. सार्वजनिक पानं वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवरही जतन कर, आणि हे त्याच दिवशी कर. लोकांना फुकट वेबपानं करू देणारं जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं, छोट्या व्हिडिओंच्या व्हाइनवर 2017 पासून नवे व्हिडिओ टाकता येईनात. उशिरा गोळा करणाऱ्याच्या हाती फक्त टिकलेलं लागतं, आणि भांडणाच्या पोस्ट सहसा आधी पुसल्या जातात.

नमुन्यांचे वर्ग (प्रकार) आठाच्या आत ठेव. आधी तीस नमुने तू आणि आणखी एकाने वेगवेगळे बसून वर्गीकृत करा. जिथे मतभेद होतील तिथे बहुधा व्याख्या ढिली असते. ती दुरुस्त करून नवे तीस घ्या. कापा (kappa) हे दोघांच्या वर्गीकरणाचा मेळ किती बसतो ते मोजणारं मापक 0.7 च्या वर गेल्याशिवाय उरलेल्यांना हात लावू नकोस.

लोकांबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून. पोस्ट सगळ्यांना दिसते म्हणजे ती तुझ्या प्रबंधात यावी अशी तिच्या लेखकाची इच्छा आहे, असं नाही. नाव झाकलंस तरी वाक्य जसंच्या तसं छापलंस तर शोधयंत्रात टाकून कुणीही त्या माणसापर्यंत पोचेल. लहान खात्यांची वाक्यं आशय राखून बदल आणि बदललेलं वाक्य स्वतः शोधून पाहा. मूळ पोस्ट सापडली तर आणखी बदल. बंद गटातलं परवानगीशिवाय काहीच घेऊ नकोस. पुसलेली पोस्ट मोजणीत धर, पण उद्धृत करू नकोस.

जुनं फोल्डर टाकून देऊ नकोस. चित्र देऊन ते आणखी कुठे आहे ते शोधणारा ‘उलट चित्रशोध’ (reverse image search) लावून त्यातल्या वीस चित्रांचा माग काढ. जेवढी मूळ जागी सापडतील, तेवढ्यांच्याच ओळी तक्त्यात भर आणि तो तक्ता मला पाठव.