पीट : कुजलेले नव्हे, मुरलेले

प्रश्न : 'पीट स्वॅम्प फॉरेस्ट'ला मराठीत 'दलदलीचे जंगल' म्हटले तर चालेल का? आणि पीट म्हणजे नर्सरीत मिळते तेच ना?

उत्तर : दुसरे आधी, कारण ते ऐकून कान किटले आहेत. नर्सरीतले कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. पीटशी त्याचे नाते नावापुरतेच.

'दलदल' चालेल, पण त्यात नुसता पाय रुततो; जमीन कशाची, ते कळत नाही. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमांतान प्रांतात ती झाडांचीच आहे : हजारो वर्षे पडत आलेली खोडे, मुळ्या, पाला, काही ठिकाणी थर 10 मीटरहून जाड. हेच पीट. आमचे एक परिभाषाप्रेमी स्नेही 'कुजवन' सुचवतात. अहो, नीट कुजले असते तर पीट झालेच नसते! पाण्याखाली हवा पोचत नाही, पाणी आंबट. म्हणून ते कुजायचे राहते आणि मुरते. थेट लोणचेच. तेव्हा आटीव दूध, घडीव दगड, तशी 'मुरीव माती' म्हणा.

'मुरणे' निघालेच आहे तर मुरांबा. 'मुरलेला आंबा तो मुरांबा' हे छातीठोकपणे सांगणारे घरोघरी भेटतात. साफ चूक. मूळ अरबी 'मुरब्बा', आणि त्यातला 'रब्बा' म्हणजे वाढवणे, संगोपन करणे. 'मुरब्बी' हा त्याचाच सख्खा भाऊ : संगोपन करणारा, आश्रयदाता. मग मराठीत तो अनुभवी, पोचलेला कसा झाला? माझे मत असे की 'मुरणे'ने त्याला आपल्याकडे ओढले. 'मुरलेला राजकारणी' आणि 'मुरब्बी राजकारणी' यांत आज फरक सांगून दाखवा! याला योगायोग म्हणणाऱ्या पंडितांनी मुरब्ब्यात आंबा कुठून शिरला, तेवढे सांगावे.

हां, जंगल. 1995 साली इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने मध्य कालिमांतानमध्ये 10 लाख हेक्टरवर भातशेतीचा घाट घातला आणि 4,000 किलोमीटरहून अधिक कालवे खणले. कालव्यांतून पाणी निघून गेले; बरणीतला खार ओतून दिल्यावर फोडींचे जे होते तेच झाले. भात पिकला नाहीच, वर मुरीव माती वाळली, खचली आणि 1997च्या दुष्काळात जमिनीखालून धुमसत जळाली. आता तेच कालवे बांध घालून अडवताहेत. पीट जमिनीवर लागवड असली तरी पाण्याची पातळी जमिनीच्या पृष्ठभागापासून 40 सेंटीमीटरहून खाली जाऊ द्यायची नाही, असा इंडोनेशियाचा नियम आहे. आपल्याकडे कुठे पाणी मुरले की संशय येतो. तिथे ते मुरायचे थांबले की आगीचा बंब.

तर 'मुरीव मातीचे पाणथळ रान'. लांबले म्हणता? 'पीट स्वॅम्प फॉरेस्ट' तरी कुठे आखूड आहे!