नेपाळवर लिहितोस तर

लेका, तुझा लेख वाचला. ‘तिथं सरकारं टिकतच नाहीत, लोकच तसले’ ही पहिली ओळ आधी खोड. गणित बघ. प्रतिनिधी सभेच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, २७५ पैकी १६५ जागा थेट निवडून येतात, उरलेल्या ११० जागा पक्षांना पडलेल्या मतांप्रमाणे वाटल्या जातात. २०१७ला के. पी. शर्मा ओलींचा कम्युनिस्ट पक्ष (एमाले) सगळ्यांत मोठा ठरला, तरी १२१वर अडकला. २०२२लाही कुणी एकटा बहुमताच्या १३८ला पोचला नाही. मग आघाड्या आल्या, फोडाफोडी आली. (फोडाफोडीवर आपण तर कुणाला शिकवूच नये!)

दुसरं, २०१५ची नाकेबंदी. भारताच्या सीमेवरून नेपाळात जाणारं इंधन, माल तेव्हा अडला होता. दिल्ली म्हणायची, आम्ही काही अडवलं नाही, मधेशींच्या, म्हणजे सीमेलगतच्या तराईतल्या लोकांच्या, आंदोलनामुळं ट्रक थांबले. आमच्या परभणीच्या गल्लीत रात्री पहारा देणारे नेपाळी काका मात्र चहाचा ग्लास तसाच हातात धरून म्हणाले, “साहेब, तेव्हा गावाकडं गॅस नव्हता. आईनं ओली लाकडं फुंकली.” काठमांडूचा पुढारी भारताला शिव्या देऊन मतं कशी मिळवतो, ते मला तेव्हा उमगलं. दहा अग्रलेख वाचून नव्हतं उमगलं.

आणि मधेशी कोण, पहाडी कोण, हे नीट कळेपर्यंत सीमेवर उगं एक ओळही लिहू नकोस.