तो कार्बन की हेलियम?

प्रश्न: सेंद्रिय वाफा ओळखण्यासाठी आम्ही छोटे प्लाझ्मा (विजेने आयनीभूत होऊन चमकणारा वायू) उपकरण बनवले आहे. क्वार्ट्झच्या नळीवर तांब्याच्या पट्टीचे दोन इलेक्ट्रोड, आतून हेलियम, २० किलोहर्ट्झचा हाय व्होल्टेज पुरवठा आणि प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारा, २ नॅनोमीटर रिझोल्युशनचा स्पेक्ट्रोमीटर. नमुना न सोडताही ३८८ नॅनोमीटरला शिखर येते. हा कार्बन कुठून येतो?

उत्तर: तो बहुधा कार्बन नाहीच. सीएन (कार्बन-नायट्रोजन) रेणूचा पट्टा ३८८.३ नॅनोमीटरला असतो, हेलियमची स्वतःची रेषा ३८८.९ ला, आणि नळीत थोडी जरी हवा शिरली तरी आयनीभूत नायट्रोजनचा पट्टा ३९१.४ ला उजळतो. तुमच्या स्पेक्ट्रोमीटरला पहिली दोन वेगळी दिसणारच नाहीत. त्यामुळे कार्बनसाठी सीएचचा (कार्बन-हायड्रोजन) ४३१.४ चा पट्टा धरा. पुढे हेलियमऐवजी आर्गॉन वापरलात, तर मात्र त्याची ४३०.० ची रेषा तिथे आड येते.

शिखर खरोखर सीएनचे असले, तरी त्यातला नायट्रोजन गळतीतून आलेला असू शकतो. मग गळती बदलली की कार्बनचा आकडाही बदलतो, म्हणून आधी गळती शोधा. वायूचा प्रवाह मिनिटाला २०० मिलीलिटरवरून ४०० करा. हेलियमच्या ५८७.६ च्या रेषेच्या तुलनेत नायट्रोजनचा ३३७.१ चा पट्टा खाली आला, तर हवा बाहेरून शिरते आहे. तसाच राहिला, तर अशुद्धी सिलिंडरमधल्या वायूतच आहे.

हवा शिरण्याची नेहमीची वाट म्हणजे सिलिकॉनची नळी. तिच्या भिंतीतून हवा आणि बाष्प दोन्ही झिरपतात. तिच्या जागी टेफ्लॉनची किंवा स्टीलची नळी लावा. नळीचे तोंड उघडे असेल, तर तिथूनही हवा उलटी आत येते. बाहेर जाणाऱ्या टोकाला हातभर लांब, बारीक नळी जोडा. पाण्यापासून बनणाऱ्या ओएचचा (ऑक्सिजन-हायड्रोजन) ३०९ चा पट्टा प्लाझ्मा चालू ठेवल्यावर हळूहळू मंदावत असेल, तर ते भिंतीला चिकटलेले पाणी आहे. नळी गरम करून वायू सोडत राहिलात की ते लवकर निघते.

प्रश्न: स्पेक्ट्रोमीटरऐवजी वेबकॅम आणि डीव्हीडीचा तुकडा चालेल का?

उत्तर: ४३१ साठी चालेल. डीव्हीडीवरच्या खाचा ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात, ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेघा) म्हणून ते पुरेसे आहे. ३०९ आणि ३३७ मात्र विसरा. कॅमेऱ्याच्या काचा आणि रंगांचे फिल्टर अतिनील प्रकाश अडवतात. तरंगलांबी जुळवायला फ्लुरोसंट दिव्यातल्या पाऱ्याच्या ४०४.७, ४३५.८ आणि ५४६.१ या रेषा घ्या. कॅमेऱ्याचे ऑटो एक्स्पोजर बंद करा, नाहीतर नमुना वाढला तरी शिखर तेवढेच दिसेल.